दवाखान्यातून वस्तीचं आजारपण रोखायचं तर आधी यादी, मग शिबिर

प्रतिबंधाचं काम हाती घ्यायचं ठरलं की बहुतेक छोटे दवाखाने सगळ्यात आधी शिबिराची तारीख ठरवतात. रविवारी रांग लागते, दोनशे जणांचं बीपी मोजलं जातं, शंभरेक जणांची साखर तपासली जाते, फोटो निघतात. महिन्याभराने तीन प्रश्न विचारून पाहा. बीपी वाढलेले किती निघाले? त्यातले औषधावर किती आले? आणि रांगेत आलेच नाहीत ते कोण होते? पहिल्याचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं अंदाजाने मिळतं, तिसऱ्याचं मिळतच नाही.

कष्ट कमी पडलेले नसतात, क्रम चुकलेला असतो. शिबिराला आलेल्यांचा आकडा हा नुसता अंश. खाली छेद नसेल, म्हणजे एकूण किती लोकांतले हे माहीत नसेल, तर दोनशे हा आकडा मोठा की छोटा, हेच सांगता येत नाही. म्हणून इथे शिबिर शेवटाकडे आहे, आणि काही दवाखान्यांना ते घ्यावंही लागणार नाही. हा क्रम एक डॉक्टर, एक-दोन नर्स आणि चार स्वयंसेवक एवढ्या माणसांवर चालणाऱ्या दवाखान्यासाठी आहे.

## टप्पा 1: हद्द आखा आणि घराघरांची यादी करा

कागदावर नकाशा काढा. कुठल्या रस्त्यापासून कुठल्या ओढ्यापर्यंतची घरं आपली, हे ठरवा. हद्द लहान असली तरी चालेल, धूसर नको.

यादी केसपेपरांवरून करू नका. केसपेपर फक्त आजारी पडून आलेल्यांचा असतो. भाड्याने नव्याने राहायला आलेले, कामासाठी तात्पुरते मुक्कामाला असलेले, घराबाहेर न पडणारे म्हातारे त्यात नसतात, आणि लस चुकलेली मुलं याच घरांत सापडतात. आमच्या पहिल्या यादीतून एक अख्खी गल्ली सुटली होती. तिचं तोंड मागच्या बाजूला होतं आणि तिथून आमच्याकडे कधी कोणी आलंच नव्हतं.

रकाने सात पुरतात: घर क्रमांक, नाव, जन्मतारीख, फोन, पिण्याचं पाणी कुठून येतं, गरोदर आहे का, दीर्घ आजाराचं औषध चालू आहे का. वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. वय वर्षभरात शिळं होतं. चाळीस रकान्यांचा फॉर्म काढायचा मोह होतो, पण अकराव्या घरापासून तो अर्धाच भरला जातो.

जोडीने जा. एक बोलेल, दुसरा लिहील. समजा हद्दीत 4,000 लोक आणि साधारण 850 घरं आहेत. एका जोडीची दिवसाला 25 घरं होतात. दोन जोड्यांना 17 दिवस लागतील. बंद घरांसाठी संध्याकाळची वेगळी फेरी ठेवा, ती या 17 दिवसांत धरलेली नाही.

सावधान: माहिती कशासाठी घेतोय ते पहिल्याच वाक्यात सांगा. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांच्या नोंदी स्वयंसेवकांच्या वहीत येऊ देऊ नका. त्या डॉक्टरकडे, कुलपात. एकदा गल्लीत बोभाटा झाला की पुढची दोन वर्षं दार उघडत नाही.

तपासा: काम संपल्यावर नकाशावर डोळे मिटून दहा ठिकाणी बोट ठेवा आणि तिथे जाऊन बघा. दहातली दोन घरं यादीत नसतील तर तो भाग पुन्हा करा.

## टप्पा 2: तीनच कामं निवडा

प्रत्येक कामाला तीन प्रश्न लावा. हा त्रास आपल्या यादीतल्या बऱ्याच लोकांना आहे का? तो रोखण्याचा सिद्ध उपाय आहे का? आणि आपण शोधून काढलेल्या माणसाला पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला बगल दिली जाते. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने विल्सन आणि युंगनर यांचे तपासणीचे निकष छापले. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, ही अट त्यात तेव्हापासून आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 2030 पर्यंतचं जागतिक उद्दिष्ट 90-70-90 असं आहे: 90 टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस, 70 टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या आणि पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी 90 टक्के स्त्रियांना उपचार. तपासणी करून स्त्रीला नुसता कागद हातात देणारं शिबिर या तिसऱ्या आकड्यावर अडकतं. पुढचं इस्पितळ, वार, वेळ आणि तिथल्या माणसाचा फोन लिहून झाल्याशिवाय तपासणी सुरू करू नका.

बहुतेक ठिकाणी तीन कामं म्हणजे लसीकरण, रक्तदाब आणि साथीवर लक्ष. पुढचे टप्पे तसेच लिहिले आहेत.

## टप्पा 3: दवाखानाच रोग पसरवत नाही ना, ते बघा

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत रोग पसरवतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. अशा मुलाला लसीसाठी आलेल्या तान्ह्या बाळांशेजारी तासभर बसवलं, तर साथ आपल्याच बाकावरून निघते.

म्हणून दारातच एक माणूस बसवा आणि त्याला दोनच प्रश्न द्या: ताप आणि पुरळ आहे का? दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? हो म्हणणाऱ्याला मास्क द्या, वेगळ्या जागी बसवा, आधी तपासा. वेगळी खोली नसेल तर बाहेर, उघड्यावर सावलीत खुर्ची टाका. कोंडलेल्या खोलीपेक्षा ती बरी. खिडक्या उघड्या ठेवा.

हात धुण्याची जागा तपासणीच्या टेबलापासून चार पावलांत हवी, नाहीतर कोणी धूत नाही. जुलाब-उलट्यांचा रुग्ण हाताळल्यावर साबण-पाणीच वापरा. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या लसी झाल्या आहेत का तेही बघा. हिपॅटायटिस बीचे डोस अपुरे असलेली नर्स रोज सुया हाताळत असते आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नसतं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायची सवय मोडा. सुई थेट न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे.

## टप्पा 4: लसीकरण, म्हणजे सुटलेल्यांचा शोध

गोवर वस्तीत फिरू नये म्हणून साधारण 95 टक्के लोकांना दोन डोस मिळालेले असावे लागतात. ऐंशी टक्क्यांवर समाधान मानणाऱ्या दवाखान्याने हे लक्षात ठेवावं की उरलेले वीस टक्के वस्तीभर सारखे विखुरलेले नसतात. ते एकाच गल्लीत, एकाच घरकुलात असतात. रोगाला तेवढी जागा पुरते.

4.1 गळती काढा, म्हणजे सुरुवात करून मध्येच सुटलेली मुलं मोजा. तीन डोसांच्या लसीचा पहिला डोस घेतलेल्यांतून तिसरा डोस घेतलेले वजा करा, पहिल्याने भागा, शंभराने गुणा. पहिला डोस 50 मुलांनी आणि तिसरा 41 मुलांनी घेतला असेल तर गळती 18 टक्के. दहाच्या वर गेली की काहीतरी बिघडलंय असं समजा. पहिला डोसच न मिळालेली मुलं या हिशोबात येत नाहीत, ती टप्पा 1च्या यादीतूनच सापडतात.

4.2 कारण दवाखान्यात शोधा, मग घरात. पालकांना समजत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मी आत्तापर्यंत पाहिलेली निम्मी गळती आपल्याच दारातली होती. "बाळाला सर्दी आहे, पुढच्या वेळी या." साधी सर्दी, किरकोळ जुलाब, हलका ताप ही लस टाळायची कारणं नाहीत. "दहा डोसांची वायल (लसीची बाटली) आहे, एका बाळासाठी फोडणार नाही." फोडा. वाया गेलेले नऊ डोस गोवराच्या एका रुग्णापेक्षा स्वस्त पडतात. "फार उशीर झाला, आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल." बहुतेक लसींना तसं करावं लागत नाही; जिथे थांबलं तिथून पुढे चालू. आणि पहिल्या डोसानंतर ताप येईल हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून दुसऱ्याला न आलेली आई तर प्रत्येक गल्लीत भेटते.

4.3 थंडावा सांभाळा, गोठवू नका. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. सगळे उष्णतेला घाबरतात. पण हिपॅटायटिस बी, धनुर्वात आणि घटसर्प-डांग्या खोकला असलेल्या लसी गोठल्या की निकामी होतात आणि वरून तसं दिसत नाही. वायलवरचा उष्णतादर्शक ठिपकासुद्धा गोठणं दाखवत नाही. तो ठिपका असा वाचा: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाहून फिका असेपर्यंत लस वापरता येते, दोन्ही एका रंगाचे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला की टाकून द्या. फ्रीजरमधून काढलेला आइस पॅक थेट लसीच्या पेटीत ठेवू नका. हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर राहू द्या. तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही लिहा. फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवू नका, कोणाचा डबाही नाही.

4.4 द्रावक, म्हणजे लसीची भुकटी कालवायचा द्रव. गोवराच्या आणि बीसीजीच्या भुकटीत तिच्यासोबत आलेलंच द्रावक घाला. 2014 साली सीरियात गोवराच्या लसीत द्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि 15 मुलं दगावली. ते औषध लसीच्याच फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं. कालवलेली लस 6 तासांनी किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, फेकून द्या. 2017 साली दक्षिण सुदानमध्येही 15 मुलं गेली: तिथे एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली आणि लस थंड ठेवली नव्हती. प्रत्येक बाळाला नवी सिरिंज, यात सूट नाही.

4.5 डोसानंतर किमान 15 मिनिटं थांबवा. तीव्र ॲलर्जी क्वचित येते, पण आली की वेळ मिनिटांत मोजावा लागतो. 1:1000 ॲड्रेनालिन मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं: प्रौढाला 0.5 मिली, मुलाला किलोमागे 0.01 मिली, पण 0.5 मिलीच्या वर नाही. हिशोब त्या क्षणी करायला लागू नये म्हणून वजनानुसार तक्ता डब्याच्या झाकणावरच चिकटवा.

तपासा: सत्र सुरू होण्याआधी ॲड्रेनालिनच्या मुदतीची तारीख मोठ्याने वाचा. दर वेळी.

सावधान: सत्र संपल्यावर किती आले ते मोजून थांबू नका. त्या दिवशी यायला हवे होते पण आले नाहीत त्यांची यादी संध्याकाळीच काढा आणि 48 तासांत फोन करा, नाहीतर घरी जा. आठवडा गेला की विसर पडतो, त्यांनाही आणि आपल्यालाही.

## टप्पा 5: रक्तदाब, आणि चुकीच्या मोजण्याने आजारी ठरलेले लोक

धावत जिना चढून आलेल्या माणसाला उभ्याउभ्या, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून, त्याच्याशी गप्पा मारत बीपी मोजलं, तर जो आकडा येतो तो त्याचा नसतो. बाहीवरून, बोलताना आणि दंडाला लहान पडणाऱ्या पट्ट्याने मोजलं की आकडा वर जातो. सगळ्यांना एकच पट्टा वापरणं ही सर्वांत सामान्य चूक आहे. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या किमान 80 टक्के भागाला वेढणारी हवी. दोन मापांचे पट्टे ठेवाच.

मोजण्याचा क्रम:

1. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून आलेलं असावं.
2. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून 5 मिनिटं गप्प बसवा. मोजणाऱ्यानेही बोलू नये.
3. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला.
4. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. 150 ला "साधारण 140" करू नका.
5. आकडा 140/90 किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी बोलवा. दोन वेगवेगळ्या दिवशी जास्त आला तरच उच्च रक्तदाब म्हणा.
6. 180/120 च्या पुढे असेल आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोलण्यात फरक, एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काही असेल तर त्याच क्षणी पुढे पाठवा. लक्षणं नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरनेच बघितलं पाहिजे.

पाच मिनिटांच्या शांततेमुळे दिवसाला माणसं कमी होतात. होऊ द्या. चुकीचे दोनशे आकडे घेऊन तीस निरोगी माणसांना गोळ्या लावण्यापेक्षा बरोबर साठ बरे.

इथून पुढचं काम वहीतलं आहे. निदान झालेल्याला नियंत्रणात येईपर्यंत महिन्याने, मग तीन ते सहा महिन्यांनी बोलवायचं. औषध चुकलेला माणूस गोळ्या संपल्याच्या आठवड्यात सापडला तर लगेच परत रुळावर येतो. वर्षाने सापडला तर कधी कधी पक्षाघातानंतरच सापडतो. म्हणून शेवटची गोळी कधी संपते, ती तारीख भेटीच्या तारखेशेजारी लिहा.

याच खुर्चीत, याच पाच मिनिटांनंतर, तंबाखूचा प्रश्न विचारा. सगळ्यांना विचारा, तोंडाला वास येणाऱ्यांनाच नव्हे. सोडायची इच्छा दिसली तर तारीख ठरवून घ्या आणि सोडल्यावर पहिल्या आठवड्यात फोन करा. घसरायची भीती तेव्हाच सगळ्यात जास्त असते. मिठाबद्दल "कमी खा" म्हणून काही होत नाही. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात ताटातलं वरून घेतलेलं, लोणच्यातलं, पाकिटातलं सगळं आलं, असं सांगा.

## टप्पा 6: साथीची चाहूल लागू द्या

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रोजच्या ओपीडीतून पाच लक्षणांच्या रेघा ओढा: पाण्यासारखे जुलाब, ताप आणि पुरळ, कावीळ, नुसता ताप, दोन आठवड्यांचा खोकला. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यांशेजारी लिहा. दोन-तीन महिन्यांत नेहमीचं काय हे कळतं, आणि नेहमीच्या दुप्पट काय तेही.

काही बाबतींत एकच रुग्ण पुरे. गोवराचा संशय, मोठ्या माणसाला जीवघेणे जुलाब, पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायाची अचानक गेलेली ताकद: यात दुसऱ्या रुग्णाची किंवा तपासणीच्या अहवालाची वाट बघू नका. त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेला कळवा.

साथीचा संशय आला की रुग्णांचा तक्ता करा: वय, लिंग, घराची जागा, पाण्याचा स्रोत, लक्षणं, आणि लक्षण सुरू झाल्याची तारीख. ही शेवटची तारीख हमखास चुकते. दवाखान्यात आल्याची तारीख लिहिली जाते. कोणी दुखणं दोन दिवस अंगावर काढतो, कोणी लगेच येतो, आणि सगळा आलेख विस्कटतो. सुरुवातीच्या तारखा बरोबर असतील तर आलेखच बोलतो. सगळे एक-दोन दिवसांत पडले असतील तर एकच पाणी किंवा एकच जेवण तपासा. लाटा थांबून थांबून येत असतील तर माणसाकडून माणसाकडे जातंय. मग घरं नकाशावर मांडा.

शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्या. उपचार मात्र नमुन्यासाठी थांबवू नका: लहान मुलाच्या जुलाबाला ओआरएस लगेच, आणि झिंक रोज 20 मिग्रॅ (सहा महिन्यांखाली 10) असं 10 ते 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आई झिंक बंद करते; का चालू ठेवायचं ते आधीच सांगा.

सावधान: रुग्णांची नावं कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गल्ली आणि आकडा पुरतो.

## टप्पा 7: पाणी आणि डास

इथे दवाखान्याचं काम तपासण्याचं आणि सांगण्याचं, टाकी धुण्याचं नाही. क्लोरीन टाकीपाशी तपासू नका. नळ जिथे संपतो त्या शेवटच्या घरात तपासा. क्लोरीन मिसळून अर्धा तास झाल्यावर तिथे लिटरमागे 0.2 ते 0.5 मिग्रॅ मोकळं क्लोरीन मिळायला हवं. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गढूळपणातच खर्ची पडतं. आधी निवळू द्या.

डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, भिंत घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून घासण्याचा वार आठवड्यातून एकदा, ठरलेला. धूर फवारणीने उडणारे डास मरतात, अंडी-अळ्या तशाच राहतात. लोकांना धूर दिसतो म्हणून तो आवडतो, एवढंच.

## टप्पा 8: महिन्यातून एक तास

तारीख ठरवा, दार लावा, चार आकडे काढा: लसीची गळती, रक्तदाब असलेल्यांपैकी नियंत्रणात असलेले, आठवड्याच्या रेघांतली वाढ, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी खरोखर पोहोचलेले. चौथा आकडा काढायला फोन करावे लागतात, म्हणून तो टाळला जातो. तो आधी काढा.

शिबिर घ्यायचं असेल तर आता. वर्तमानपत्रात जाहिरात देऊ नका. यादीतून अजून न तपासलेल्यांची नावं काढा, त्यांच्या कामाची वेळ विचारा आणि त्याप्रमाणे वेळ ठेवा. बहुतेकदा ती सकाळी सातच्या आधी किंवा रात्री आठनंतरची निघते.

बैठक उठण्याआधी पाच नावं फळ्यावर लिहा: सुटलेलं बाळ, गोळ्या संपलेले आजोबा, पुढे पाठवूनही न गेलेली बाई. प्रत्येक नावासमोर कोण जाणार आणि कधी, हे लिहा. पुढच्या महिन्यात फळा पुसण्याआधी पहिला विषय तीच पाच नावं.